देवापुढे ठेवलेलं घड्याळ

मी डाइव्हिंगला जाते असं इंदूरच्या माणसाला सांगितलं की तो आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग पिकलेल्या केसांकडे, आणि मग हमखास विचारतो, “कहाँ? यशवंत सागर में?” म्हणजे इंदूरजवळच्या तलावात. पीथमपूरच्या ज्या औषध कंपनीत मी गोळ्यांची गुणवत्ता तपासते, तिथल्या बहुतेक सगळ्यांनी हा विनोद केलेला आहे. काहींनी दोनदा केलाय. मी आता हसत नाही.

मी मूळची खानदेशातली, उन्हाळ्यात हंडाभर पाण्यावरून भांडणं होत त्या गावातली. लग्न होऊन इंदूरला आले, म्हणजे समुद्रापासून आणखी थोडी लांबच. चाळिशी उलटल्यावर ऑफिसच्या सहलीत अंदमानला गेले. तिथे कुणीतरी पाठीवर टाकी बांधून मला पाण्यात उतरवलं आणि मला कळलं की जगात एक जागा अशी आहे जिथे कोणी मला हाक मारू शकत नाही. कुकरच्या शिट्ट्या नाहीत, ऑडिट नाही, ‘माझा चष्मा कुठे आहे’ नाही. फक्त आपल्या श्वासाचा आवाज. तेव्हापासून रजा साठवून साठवून मी जाते. घरात या विषयावर चर्चा होत नाही. नवरा ‘जा की’ म्हणतो आणि सासरे काहीच म्हणत नाहीत. त्यांचं ते काहीच न म्हणणं म्हणजे नापसंती, असं मी धरून चालले होते.

पाण्याखाली मनगटावर एक जाडजूड घड्याळ असतं, त्याला डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात. आपण किती खोल आहोत, किती वेळ झाला, हे ते दाखवतं आणि सगळं साठवूनही ठेवतं. भरभर वर आलं की किंचाळतं. कारण खोल पाण्यातून हळूहळू, मध्ये थांबत थांबत वर यायचं असतं. नाहीतर रक्तात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होतात आणि ते सांध्यात, किंवा त्याहून वाईट जागी, जाऊन बसतात. मागच्या खेपेला, शेवटच्या दिवशी, माझ्या कमरेचा शिशाचा पट्टा सुटला. खाली धरून ठेवणारं वजनच गेलं आणि मी बुचासारखी वर आले. घड्याळ किंचाळत होतं आणि मला काही करता येत नव्हतं. वर आल्यावर ठीक वाटलं. दुसऱ्या दिवशी विमानात मात्र डावा खांदा असा दुखायला लागला की मला पाण्याची बाटली उघडता येईना.

घरी मी सांगितलं, बॅग ओढून खांदा आखडला. पाणबुड्यांचे आजार बघणारे एक डॉक्टर आहेत दुसऱ्या शहरात, त्यांना मात्र फोनवर खरं सांगितलं. ते म्हणाले, खांदा नुसता आखडलाही असेल, बुडबुड्याचं दुखणंही असेल. त्या दिवसाचं घड्याळातलं सगळं पाठवा. फोटो नको, चित्र नको, फाइल पाठवा. ती बघितल्याशिवाय मी सही करणार नाही.

ही सही मला हवी होती. पुढच्या महिन्यात आमचा गट लक्षद्वीपला निघाला होता आणि नेणाऱ्यांना सोमवारपर्यंत डॉक्टरचं पत्र हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला लक्षद्वीपची तेवढी काळजी नव्हती. डॉक्टर म्हणाले की ‘आता कधीच नाही’, तर काय करायचं, या भीतीने मी आठवडाभर नीट जेवले नव्हते. आणि आता हे सगळं एका फाइलवर आलं होतं, आणि ती फाइल घड्याळातून लॅपटॉपवर यायची होती, आणि आमच्या घरातल्या लॅपटॉपवर विंडोज नाही, लिनक्स आहे.

माझा नवरा इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. लोक लिनक्स वापरतात. हा त्यावर श्रद्धा ठेवतो. दुसरी कुठली प्रणाली घरात आणणं म्हणजे त्याच्या लेखी देवघरात चपला घालून जाणं. आमच्या लग्नाच्या व्हिडिओची तबकडी कितीतरी वर्षं या घरात चालली नव्हती, तेव्हाही चूक तबकडीचीच निघाली होती.

पूर्वी मला लॅपटॉपची गरज नव्हती. घड्याळाचं एक अॅप होतं माझ्या फोनवर. पाण्यातून आल्यावर त्यात आलेखाचं चित्र दिसायचं. मग काही वर्षांपूर्वी मी नवा फोन घेतला आणि जुना, रिवाजाप्रमाणे, बाबांकडे, म्हणजे सासऱ्यांकडे गेला. आमच्याकडे वस्तूंचा प्रवास उलटा असतो. नवी वस्तू खाली येते आणि जुनी वर वर सरकत वडीलधाऱ्यांपाशी जाऊन थांबते. बाबांच्या अंगात नवऱ्याचा स्वेटर असतो, पायात नवऱ्याच्या चपला, आणि हातात माझा फोन. तो पुसून कोरा करून द्यायचा तर त्यांनी करू दिलं नाही, “असू दे सगळं, मला काय त्रास देतंय?” म्हणाले. आता माझ्या फोनवर ते अॅप शोधायला गेले तर कंपनीने ते काढूनच टाकलेलं. घड्याळ जुनं झालं, नवं घ्या, एवढाच त्यांचा सल्ला.

नवरा मात्र खुलला. पाणबुड्यांनीच लिहिलेला एक फुकट प्रोग्राम आहे आणि तो लिनक्सवर उत्तम चालतो, हे त्याने मला अशा सुरात सांगितलं की जणू तो स्वतःच समुद्रातून आत्ताच वर आला आहे. “अगं, दो मिनट का काम है. ब्लूटूथ चालू कर, घड्याळ दिसेल, क्लिक कर. बस.”

शनिवारी सकाळी आम्ही बाहेरच्या खोलीत टेबलावर बसलो. मी घड्याळाचं बटण दाबलं. ते जागं झालं की त्याचं ब्लूटूथ आपोआप सुरू होतं. लॅपटॉपवर यादी आली. शेजाऱ्यांचा टीव्ही आला. कुणाचे तरी कानात घालायचे हेडफोन आले. वरच्या मजल्यावरच्या विद्यार्थ्याचा स्पीकर आला, ज्याला त्याने ‘इंदौर का राजा’ असं नाव दिलं होतं. घड्याळ आलं नाही.

“पुन्हा दाब.”

पुन्हा दाबलं. राजा आला, घड्याळ नाही.

मग नवऱ्याने काळी खिडकी उघडली. हे लिनक्सवाल्या माणसांचं देवदर्शन असतं. त्यात तो काहीतरी टाइप करतो, पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावत वर जातात, तो ‘हं’ म्हणतो, आणि काहीच होत नाही. ब्लूटूथ बंद करून चालू केलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. सेवा नावाचं काहीतरी थांबवून पुन्हा उठवलं. एकदा, फक्त एकदा, यादीत घड्याळाचं नाव क्षणभर चमकलं आणि विझलं. त्या एका चमकण्याने आमचा पुढचा सगळा दिवस खाल्ला. दिसलंच नसतं तर मी नाद सोडला असता.

त्यात देवघराशेजारी बाबांचा फोन टिंग टिंग करत होता. आमच्या बाहेरच्या खोलीत देवघराजवळ एकच सोयीचा प्लग आहे, बाबांचा फोन दिवसभर तिथेच चार्जिंगला असतो, आणि त्यांच्या भजनी मंडळातली माणसं एकमेकांना सुप्रभात, शुभ दुपार आणि शुभ संध्या असं प्रत्येक प्रहराचं पोचवत असतात. “बाबा, तुमचा तो फोन जरा गप्प करता का?” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

“हो बेटा,” ते वर्तमानपत्रातून म्हणाले, आणि काही केलं नाही.

दुपारी आम्ही जगाला शरण गेलो. जगभरच्या लोकांनी हेच घड्याळ लिनक्सला जोडायचा प्रयत्न करून, रडून, आपापली कहाणी इंटरनेटवर लिहून ठेवली आहे. एक जण म्हणे आधी जोडणी करा. दुसरा म्हणे आधी जोडणी केलीत तर मेलात. तिसऱ्याने अगदी आमचीच अडचण लिहिली होती, शब्दाला शब्द, आणि खाली स्वतःच उत्तर दिलं होतं: ‘जमलं, धन्यवाद.’ कसं जमलं, ते नाही. हा माणूस मला कुठे भेटला तर मी काय करेन ते इथे लिहीत नाही.

“ब्लूटूथचा तुकडाच कमजोर असेल,” नवऱ्याने निदान केलं. “बाहेरून लावायचा छोटा मिळतो. सियागंजात जातेच आहेस ना?”

मी सियागंजात महिन्याचा किराणा आणायला जाणार होते हे खरं. पण मी गर्दीत धक्के खायचे आणि त्याने घरी बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, हेही खरं. गेले. गूळ, शेंगदाणे, साबुदाणा घेतला, आणि मग गल्लीच्या तोंडाशी वायरी-प्लगचं दुकान आहे तिथे विचारलं. दुकानदाराने बोटाच्या पेराएवढी वस्तू पुढे ठेवली.

“लिनक्स पे चलेगा क्या?”

“दीदी, सब पे चलेगा.”

“भैया, सब पे नहीं, लिनक्स पे.”

“किसको जोड़ना है?”

मी मनगट पुढे केलं. त्याने घड्याळ बघितलं, मी ते कशाचं आहे ते सांगितलं, आणि मग तो मागे वळून भावाला म्हणाला, “अरे भिया, सुन तो, ये पानी के नीचे जाती हैं!” भाऊ आला. शेजारचा दोरीवाला आला. मला अपेक्षित प्रश्न आला. मी म्हणाले, हो, यशवंत सागरमध्येच, आणि तो तुकडा घेऊन बाहेर पडले.

घरी फाटकाशीच बाबा उभे. त्यांनी माझ्या हातातल्या पिशव्या ओढून घ्यायला सुरुवात केली. हे आणखी एक खूळ. मी मागच्या खेपेला समुद्रावरून आल्यापासून त्यांनी मला काही उचलू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. ऐंशी ओलांडलेला माणूस, गुडघ्यात पट्टा, आणि सकाळी मी मोरीत जायच्या आत बाल्टी भरून आत नेऊन ठेवलेली. लोणच्याची बरणी त्यांनी उतरवायची. गॅसची टाकी त्यांनी सरकवायची. “बाबा, सोडा हो. पडाल.” पण पालथ्या घड्यावर पाणी. म्हातारपण मान्य नाही, असं मी मनात म्हणायचे, आणि कधी कधी मोठ्यानेही.

“मी घेतो म्हटलं ना,” असं म्हणत त्यांनी साबुदाणा नेला. मी गूळ वाचवला.

नवा तुकडा लावला. राजा आता अधिक ठळक दिसायला लागला. घड्याळ नाही.

शनिवार असा गेला. मी चिडले की नवऱ्याला ‘अहो’चं ‘अरे’ करते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी ‘अरे’च्याही पलीकडे गेले होते. चमत्कारिक गोष्ट ही की ही फाइल मला का हवी आहे ते त्याने एकदाही विचारलं नाही. त्याच्यासमोर एक न सुटणारं कोडं होतं आणि तो सुखी होता. त्याने विचारलं असतं तर मी कदाचित खांद्याचं सांगून टाकलं असतं. तो विचारत होता ते एवढंच, की लॅपटॉप शेवटचा कधी अपडेट केला होता.

रविवारी सकाळी बाबा नेहमीप्रमाणे बडा गणपतीच्या देवळापर्यंत फिरायला गेले. खिशात फोन, फोनवर भजन, ते भजन कोपऱ्यावरून वळेपर्यंत ऐकू येतं. मी चहाचा कप घेऊन टेबलाशी बसले आणि काही आशा न ठेवता बटण दाबलं.

घड्याळ दिसलं.

नुसतं चमकलं नाही, यादीत सगळ्यात वर येऊन बसलं. मी क्लिक केलं तर लॅपटॉपने चक्क विचारलं, घड्याळावर दिसतोय तो आकडा टाका. घड्याळावर आकडा होता! मी नवऱ्याला अशी हाक मारली की तो दात घासता घासता आला, तोंडात फेस.

“हात नको लावू!” तो म्हणाला. “थांब. एकदम थांब. आधी अपडेट करून घेऊ.”

“अहो, दिसतंय ते! आकडा मागतंय!”

“अगं, अर्ध्यात तुटलं तर? कचरा डाटा येईल. रात्री नवीन अपडेट आलाय, त्यात ब्लूटूथचंच काहीतरी ठीक केलंय. पाँच मिनट.”

मी त्याचं ऐकलं. ही माझी चूक, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर करायला नको अशी. पाच मिनिटांचं अपडेट चाळणीतून पीठ पडावं तसं पडत राहिलं. लॅपटॉप बंद झाला, चालू झाला, पुन्हा बंद झाला. तेवढ्यात फाटक वाजलं आणि बाबा पोहे-जिलेबीचं पुडकं घेऊन आत आले, फोन चार्जिंगला लावला, आणि “गरम आहेत, खाऊन घ्या,” म्हणाले. लॅपटॉप उठला. मी बटण दाबलं. टीव्ही, हेडफोन, राजा.

ये रे माझ्या मागल्या.

मी जिलेबी खाल्ली नाही. इंदूरमध्ये रविवारी सकाळी जिलेबी न खाणं हे केवढं मोठं विधान आहे ते नवऱ्याला कळलं आणि तो गुपचूप आतल्या खोलीत गेला.

दुपारी तो जेवून झोपला. बाबा खिडकीशी आरामखुर्चीत वर्तमानपत्राच्या पुरवणीत होते. मी एकटी टेबलाशी बसले. संध्याकाळी डॉक्टर फोन करणार होते आणि माझ्याकडे त्यांना द्यायला काही नव्हतं. खांदा ठणकत होता. मी रागाने बटण दाबलं.

टिंग.

भजनी मंडळ, मी मनात म्हणाले. घड्याळ थोड्या वेळाने आपोआप झोपी जातं. ते झोपलं, मी पुन्हा दाबलं.

टिंग.

मी हळूच मागे वळून बघितलं. भजनी मंडळ इतकं शिस्तीचं असू शकत नाही. घड्याळ झोपू दिलं. मुद्दाम थांबले. खोलीत शांतता. बटण दाबलं. टिंग.

मी उठले आणि देवघराशी जाऊन बाबांचा फोन उचलला. पडद्यावर माझ्या जुन्या अॅपचं निळं चिन्ह होतं, आणि खाली ओळ: ‘घड्याळ जोडले गेले. नवीन नोंद नाही.’

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. फोन मी पुसला नव्हता. अॅप तिथेच राहिलं होतं. घड्याळ डोळे उघडायचं आणि हा फोन तीन पावलांवरून त्याचा हात धरायचा. आणि हे घड्याळ एका वेळी एकाशीच बोलतं, त्यामुळे लॅपटॉपला ते दिसायचंच नाही. सकाळी दिसलं, कारण फोन बडा गणपतीला गेला होता. दोन दिवस, सियागंजची फेरी, ती पेराएवढी वस्तू, ते अपडेट! माझ्या डोक्यात एवढा राग भरला की तो कुणावर काढावा ते कळेना.

“बाबा, हे तुमच्या फोनवर काय येतं ते तुम्हाला माहीत होतं?”

त्यांनी चष्मा काढला. “ते? ते आपोआप येतं बेटा. तू फोन दिलास तेव्हापासून. पहले तो मला समजलंच नाही काय आहे. मग बघितलं, अरे, ये तो ग्राफ है. जिंदगीभर पोरांना गणित शिकवलं, ग्राफ तर वाचता येतो ना मला.”

“म्हणजे तुम्ही बघता?”

“दर बार बघतो. तू आली की घड्याळ देवापुढे ठेवायला सांगतो ना?”

हो, सांगतात. घरचा नियमच आहे तो. निकालपत्रं, पहिला पगार, नवऱ्याचा पासपोर्ट, सगळं एकेक रात्र देवापुढे बसून आलेलं आहे. माझं घड्याळही दर खेपेला बसतं. समुद्रावरून आलेली वस्तू शुद्ध करून घेत असतील, असं समजून मी मनात हसायचे आणि ठेवायचे.

“सकाळी पूजेला बसलो की बटण दाबतो,” ते म्हणाले. “हा वाजतो. मग बघतो. रेघ खाली जाते, तू पाण्यात गेलीस. रेघ वर येते, शून्यावर येते. शून्यावर आली की मी समजतो, पोचली. मग आरती करतो.”

“पण बाबा, मी तर घरी आलेली असते. तुमच्या समोर चहा देत असते.”

“समोर असतेस. पण तिथे काय झालं ते तू कुठे सांगतेस? मस्त होतं म्हणतेस, बस. हा झूठ नाही बोलत.” त्यांनी फोनकडे बोट केलं. मग म्हणाले, “तुझी रेघ हमेशा पायऱ्या-पायऱ्यांनी वर येते. या बार शेवटची एकदम सीधी उभी होती. मी म्हटलं, काहीतरी गडबड झाली. मग तू खांदा धरून बसायला लागलीस.”

बाल्टी. बरणी. साबुदाणा.

“मग विचारलं का नाही मला?”

“तू सांगशील म्हणून थांबलो. और विचारलं असतं तर तू काय समजली असतीस? बुढ्ढा जायला मना करतोय.”

मी अगदी तसंच समजले असते. मला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला. इतकी वर्षं हा माणूस माझ्या प्रत्येक बुडीबरोबर खाली जाऊन वर येत होता आणि मी त्याला सांगत होते, फोन गप्प करा.

मी त्यांच्या फोनचं ब्लूटूथ बंद केलं. टेबलाशी आले, बटण दाबलं. घड्याळ दिसलं, आकडा मागितला, मी टाकला, आणि निळी पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेली. कुठलंही अपडेट न मागता. बाबा खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले. पडद्यावर त्या दिवसाचा आलेख उघडला तेव्हा त्यांनी त्या उभ्या रेघेवर बोट ठेवलं, आणि मी त्यांना पट्टा सुटल्याचं सगळं सांगितलं. मी फाइल पाठवून दिली.

आवाजाने नवरा उठून आला. त्याला कारण सांगितलं तसा तो आनंदाने ओरडलाच. “म्हणजे लिनक्सची चूक नव्हतीच! बाबा, तो अॅप डिलीट करा. प्रॉब्लेम सॉल्व.”

“खबरदार,” मी म्हणाले.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. मी तो स्पीकरवर लावला. आता लपवायचं काय होतं? त्यांनी आलेख नीट बघितला होता. म्हणाले, शेवटची चढाई वाईट आहे आणि त्यानंतर दुखणारा खांदा मला आवडलेला नाही. या खेपेला सही नाही. इथे येऊन दाखवा, तपासू, मग बघू.

नवऱ्याचं तोंड उघडं राहिलं. “तू बॅग ओढली म्हणाली होतीस ना?”

मी त्याला हातानेच थांबवलं. माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता, ‘म्हणजे आता कधीच नाही का?’, आणि तो विचारायचं धाडस होत नव्हतं. उत्तर ऐकण्यापेक्षा फोन ठेवून द्यावा असं वाटत होतं.

तेवढ्यात बाबा पुढे वाकले. स्पीकरवर बोलताना ते वर्गात बोलल्यासारखे मोठ्याने बोलतात.

“डॉक्टरसाहेब, मी हिचा सासरा बोलतोय. एक पूछना था. खांदा ठीक झाल्यावर, बहू पायऱ्या-पायऱ्यांनी वर आली, तर जाऊ शकते ना?”

मग डॉक्टर म्हणाले, “खांदा पूर्ण बरा झाला आणि तशी येणार असेल, तर बघू या. नाही असं मी आज म्हणत नाही.”

“येईल,” बाबा म्हणाले. “मी बघतो ना.”

मी फोन ठेवला. लक्षद्वीपची बॅग भरायची नव्हती, नवऱ्याला खांद्याचं पहिल्यापासून सांगायचं होतं, आणि सकाळची जिलेबी अजून पुडक्यात होती. ती मी थंडच खाल्ली. मग बाबांनी आपला फोन माझ्यापुढे धरला.

“तू बंद केलंस ते चालू करून दे. मला नाही येत.”

मी चालू केलं. सवयीने घड्याळाचं बटण दाबलं. टिंग वाजलं, लगेच, पहिल्या झटक्यात, ना आकडा ना काळी खिडकी. बाबांनी मान हलवली आणि फोन नेऊन देवघराशी चार्जिंगला लावला. नवऱ्याला मी सांगून टाकलं आहे: पुढच्या वेळी लॅपटॉपला घड्याळ हवं असेल, तर त्याने बाबा फिरायला जाईपर्यंत थांबावं.